बाईंच्या हातात शिट्टी

अंबरनाथ पश्चिम
२२ जून २०२५

ती. अंजनीआत्यास,
नूतनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. तुझ्या कानातलं यंत्र फोन लावला की कुईं करतं आणि व्हॉट्सॲपला तू हात लावत नाहीस, म्हणून हा कागद. पोस्टातल्या बाई आता आंतरदेशीय देतानाच विचारतात, वांगणीच्या आत्याला का?

शाळा सुरू झाली. विनीत सर मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही आणि येईल असं दिसतही नाही. म्हणजे अकराशे मुलांना शारीरिक शिक्षणाची मी एकटी. त्यात सकाळी फाटकावरची ड्युटी, गणवेश तपासणी, मतदार याद्या, आणि कुठल्या शिक्षकाने रजा टाकली की तो वर्गही माझ्याच गळ्यात. पीटीचा तास बुडाला तर काय बिघडतं, हे मला शाळेतला शिपाईसुद्धा समजावून सांगतो. संध्याकाळी घरी आले की पाय नुसते ठणकतात आणि जेवण जात नाही. रघू म्हणतो, तू घरातही शिट्टीच्या आवाजात बोलतेस.

खरी गंमत पुढे आहे. मुलांचा कबड्डीचा संघ आता माझ्याकडे येईल असं मी धरून चालले होते. मुख्याध्यापक कमळाकर सरांनी मला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, की बाई, तुमची लेझीम, तुमचं स्वागतगीत, तुमची रांगोळी, यांना तोड नाही. कबड्डीचं मात्र कुणा सरांना देऊ, वाढत्या वयाची मुलं, तुम्हाला आवरायची नाहीत. आणि दिली कुणाला? विज्ञानाच्या सरांना. त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, की एका संघात मैदानावर किती मुलं असतात हो बाई? मी सात म्हटलं, आणि बाकावरची पाचही सांगून टाकली.

आमच्या क्रीडा शिक्षक मंडळाच्या सभेतही तोच सूर. अध्यक्ष बदलापूर गावचे जयदेव भोईर सर. कामं वाटताना म्हणाले, भगिनींनी बक्षिसांचं टेबल आणि पाहुण्यांचं स्वागत बघावं, मैदानात धक्काबुक्की असते. सगळे हसले. हसणाऱ्यांत दोन बायाही होत्या, त्याचं जास्त लागलं.

तर आत्या, मी एक उद्योग केला आहे. जिल्ह्याच्या कबड्डी पंच परीक्षेचा अर्ज भरलाय. परीक्षा सप्टेंबरअखेर. रघूशिवाय कुणाला माहीत नाही. आपल्या घरात मैदानावर उभी राहिलेली माझ्याआधी तूच एक, म्हणून पहिलं तुला कळवते. आशीर्वाद पाठव, सल्ला पाठव, आणि चिकू उतरवले असतील तर तेही पाठव.

तुझी माया अशीच राहू दे, एवढंच मागते.

तुझी,
नूतन

*

वांगणी
२९ जून २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अंजनीआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चिकू अजून दगडासारखे आहेत. जनू शेजारी रोज येऊन दाबून बघतो आणि न विचारता दोन घेऊन जातो. कानाचं यंत्र मी डब्यात ठेवून दिलं आहे. त्याच्यावाचून जग फार शहाणं वाटतं.

विज्ञानाच्या सरांचं वाचून हसू आलं. बाकीचं वाचून आलं नाही. अकराशे मुलं एका बाईच्या अंगावर टाकणं हा तुझा कौतुकसोहळा आहे, असं समजू नकोस. शरीर कुणाचंच लोखंडाचं नसतं.

परीक्षेचं म्हणशील, तर राहू दे. मी मोठेपणाने सांगत नाही, मायेने सांगते. अर्ज केलास, हौस झाली, पुरे. मुलांच्या सामन्यात मध्ये उभं राहायचं म्हणजे शंभर लोकांचं तोंड अंगावर घ्यायचं, आणि मिळायचं काय, तर घसा बसतो. तुमच्या शाळेत ग्रंथालयाची जागा रिकामी आहे, असं तूच दिवाळीत म्हणाली होतीस. ती मागून घे. सावली असते, पंखा असतो, पुस्तकं उलट बोलत नाहीत. मीही गुडघ्यामुळे मैदान सोडून मराठी शिकवायला घेतलं, तर काही वाईट झालं का? निवृत्त होईपर्यंत सुखाने राहिले.

रागावू नकोस. तुझ्या सासूबाईंना, सगुणाबाईंना नमस्कार. त्यांचं पथ्य सांभाळ.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी आत्या,
अंजनी

*

अंबरनाथ पश्चिम
१७ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही, कारण मी रागावले होते. आता लिहिते, कारण तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू?

तेरा तारखेला पंधरा ऑगस्टच्या संचलनाचा सराव घेत असताना मला मैदानातच चक्कर आली. पाचवीच्या मुलींनी धरलं म्हणून डोकं वाचलं. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि माझं वय दोनदा विचारलं. म्हणाले, चौतिसाव्या वर्षी हे बरं नाही, काम कमी करा. मी म्हटलं, तसं औषध लिहून द्या.

रघू दोन दिवस कंपनीत गेलाच नाही. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली आणि ट्रॅकसूटलाही ओवाळलं. तोपर्यंत त्या त्याला पायजमा म्हणून नाकं मुरडायच्या.

कमळाकर सर घरी येऊन गेले. नारळपाणी आणलं होतं. म्हणाले, बाई, ग्रंथालयाची जागा तुमच्यासाठी ठेवतो, महिनाअखेर लेखी द्या. बायकांना हे काम झेपत नाही, यात तुमचा दोष नाही. आत्या, अकराशे मुलांचं काम कुठल्या पुरुषालाही झेपलं नसतं, हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण अंगात ताकद नव्हती. मी मान डोलावली.

सर गेल्यावर, मला बघायला आलेल्या बाबांना मी म्हटलं, आत्याही ग्रंथालयच म्हणते, तिलाही गुडघ्यामुळे मैदान सोडावं लागलं. बाबा कधी नव्हे ते चिडले. म्हणाले, अंजूचा गुडघा तिच्या आयुष्यात एक दिवस दुखलेला नाही. पुढे विचारलं तर म्हणाले, तिलाच विचार.

तर मी विचारते. काय झालं होतं? मला महिनाअखेर लेखी द्यायचं आहे. तू मला जे कर म्हणतेस, ते का म्हणतेस, हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही.

उत्तराची वाट पाहते. मनात काही ठेवू नकोस.

नूतन

*

वांगणी
२४ ऑगस्ट २०२५

चि. नूतनस,
पोटभर आशीर्वाद.

आधी तुझी तब्येत कळव. गोळी वेळेवर घे. आता ऐक.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. मी उल्हासनगरला शाळेत होते. मीही ती पंच परीक्षा दिली होती आणि पास झाले होते. आमच्या भागात बाई म्हणून मी एकटीच. त्या हिवाळ्यात तिथल्याच कॅम्प भागातल्या एका मंडळाने पुरुषांचे सामने ठेवले आणि पंच कमी पडले, म्हणून मला बोलावलं. मी साडी घट्ट खोचून, शिट्टी गळ्यात घालून मैदानात उभी राहिले. नूतन, त्या क्षणी मला जे वाटलं, ते पुन्हा कधी वाटलं नाही.

एका संघाचा प्रशिक्षक पुढे आला. म्हणाला, बाईच्या शिट्टीवर माझी पोरं खेळणार नाहीत. आणि त्याने सात जणांना मैदानाबाहेर नेऊन बसवलं. लोक ओरडायला लागले. मला वाटलं, आयोजक त्याला समज देतील. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाई, तुम्हीच मोठेपणा दाखवा. शिट्टी काढून घेतली आणि हातात हारांचं तबक दिलं. मी ते तबक धरून शेवटपर्यंत उभी राहिले. त्याच माणसाचा संघ जिंकला आणि त्याच्या गळ्यात हार मीच घातला.

पुढच्या जूनमध्ये मी मराठी मागून घेतलं. लोकांना गुडघा सांगितला. तुझ्या बाबांना तेवढं खरं माहीत होतं. पस्तीस वर्षं तो गुडघा मी इतक्यांदा सांगितला की पाऊसपाण्यात खरंच धरून बसायला लागले.

तुला ग्रंथालय सुचवलं, ते तुझ्या काळजीने, असं मला वाटत होतं. तुझं पत्र आलं आणि रात्रभर विचार केला. माझीच भीती मी तुझ्या पदरात टाकत होते. माझं चुकलं. माझं जूनचं पत्र फाडून टाक.

सही करू नकोस. कमळाकर सरांना दुसरंच लेखी दे. सकाळी फाटकापासून संध्याकाळपर्यंत तू काय काय करतेस, ते वेळेसकट एका कागदावर लिही आणि सगळ्या शिक्षकांच्या सभेत वाचून दाखव. रडू नकोस, ओरडू नकोस. नुसतं वाच.

आणि परीक्षेसाठी तीन गोष्टी. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे नको, पायांकडे बघ. निर्णय दिलास की हात खाली घ्यायची घाई करू नकोस. आणि शिट्टी एकदाच वाजव, पण अशी की पुन्हा वाजवावी लागू नये.

तुझ्यावरचा माझा जीव तुला माहीत आहे. तूही सांभाळून घे.

आत्या

*

अंबरनाथ पश्चिम
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
साष्टांग, आणि या वेळी खरोखरचा. वि. वि.

पास झाले! अडतीस जण बसलो होतो, त्यात बाया दोन. लेखीत माझा तिसरा नंबर. तोंडीला एका परीक्षकांनी विचारलं, मैदानात दोन पोरं एकमेकांची गचांडी धरून उभी राहिली तर बाई, तुम्ही काय करणार? मी म्हटलं, सर, शाळा सुटल्यावर फाटकावर मी रोज हेच करते, फक्त तिथे मला कुणी गुण देत नाही. ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

अभ्यास कुणी घेतला असेल? सासूबाईंनी. नियमांचं पुस्तक हातात धरून पलंगावर बसायच्या आणि मला उभी करायच्या. विचारायच्या, लॉबी म्हंजे काय गो? मी सांगायचे, मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या. चढाई करणाऱ्याने कुणाला हात लावायच्या आधी तिथे पाय टाकला तर तो बाद. मग त्या शेजारणीला समजावून सांगायच्या. आता आमच्या मजल्यावर चार बायकांना लॉबी पाठ आहे.

तो कागदही वाचला. सभेत उभी राहिले आणि वाचायला लागले. पावणेसातपासून साडेपाचपर्यंत, एकेक ओळ. मध्ये पाणी प्यायला दहा मिनिटं, तीही मधल्या सुट्टीच्या देखरेखीत. वाचून खाली बसले. मग विज्ञानाचे सर उठले. म्हणाले, कबड्डी बाईंना द्या, मला त्यातलं काही येत नाही, मुलंच मला शिकवतात. बदल्यात फाटकावरचे तीन दिवस मी घेतो. आत्या, मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. कमळाकर सरांनी चष्मा पुसला आणि बघू म्हणाले. पण सोमवारपासून संघ माझ्याकडे आला.

आता अडलं आहे ते मंडळात. डिसेंबरच्या पाच, सहा आणि सातला बदलापूर गावात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांच्या शाळांची स्पर्धा आहे. पंचांच्या यादीत माझं नाव नाही. बक्षिसांच्या टेबलावर आहे. मी जयदेव सरांना प्रमाणपत्राची प्रत आणि पत्र पाठवलं आहे. त्यांचा निरोप आला, की बघू, गुण लिहायला बसवू. मी हो म्हटलं. निदान मैदानाच्या कडेला तरी पोचते.

तब्येत बरी आहे. रक्तदाब डॉक्टरांना आवडेल इतका खाली आला आहे.

तुझा हात डोक्यावर असाच असू दे.

नूतन

*

वांगणी
८ डिसेंबर २०२५

चि. नूतनस,
किती आशीर्वाद देऊ ते कळत नाही, तेव्हा तूच मोजून घे.

तुला एक सांगायचं आहे. काल मी तिथे होते.

शनिवारी रघूने जनूच्या फोनवर निरोप पाठवला, की पहिल्या दिवशी गुण लिहिलेस, दुसऱ्या दिवशी मुलींचे सामने केलेस, एका सरांना ताप भरला म्हणून मुलांची उपांत्य फेरीही तुलाच दिली, आणि ती इतकी चोख झाली की त्यात खेळलेल्या दोन्ही शाळांनी अंतिम सामन्याला सरपंच म्हणून तुझंच नाव सुचवलं. जनूला सरपंच म्हणजे गावचा वाटला. मी सांगितलं, कबड्डीतल्या मुख्य पंचाला तसं म्हणतात. मग काल सकाळी मी पातळ बदललं आणि निघाले. तुला कळवलं नाही. मला बघून तुझं लक्ष विचलित झालं असतं, आणि खरं म्हणजे मलाही पळून जायची मोकळीक हवी होती. मैदानालगतच्या बांधाच्या वरच्या अंगाला गावातल्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. यंत्र डब्यातच होतं.

तू मधोमध चालत आलीस. मी पदर तोंडात धरला.

जयदेव सरांचा संघ एका गुणाने पुढे होता, समोर उल्हासनगरची शाळा. शेवटची तीन-चार मिनिटं राहिली असतील. बदलापूरचा एक उंच पोरगा, शर्टाच्या पाठीवर सनी लिहिलेला, चढाईला गेला, डावीकडून वळसा घेतला, परत आला आणि हात वर करून नाचायला लागला. सगळा बांध उठून उभा राहिला. आणि तू त्याला बाद दिलंस.

माणसं उसळली. शेजारची बाई उभी राहून काय काय बोलत होती. जयदेव सर सरळ मैदानात घुसले आणि तुझ्या तोंडासमोर हात नाचवायला लागले. मग त्यांनी आपल्या मुलांकडे वळून बाहेर चला अशी खूण केली. दोन पोरं रेषेकडे निघालीसुद्धा. नूतन, मला पुढचं सगळं पाठ होतं. आता कोणीतरी येईल, मोठेपणा दाखवा म्हणेल, आणि हातात तबक देईल.

कुणी आलं नाही. तू काहीतरी बोललीस, दोनच वाक्यं असावीत. मग पट्टीपाशी जाऊन खाली वाकलीस आणि ओल्या मातीतला पायाचा ठसा बोटाने दाखवलास. उठलीस, खिशात हात घातलास आणि त्या अध्यक्षासमोर हिरवं कार्ड धरलंस. समज दिल्याचं कार्ड. हात सरळ, खांद्याच्या वर. मी मनात मोजत होते. सहापर्यंत तो हात हलला नाही.

लोक तुला काय म्हणत होते, ते मला ऐकू आलं नाही. मला फक्त तुझा हात दिसला. आणि सर मागे वळलेले दिसले. त्यांनी पोरांना आत बोलावलं. सामना पुढे सुरू झाला.

मी तिथे बसूनच रडले. शेजारची बाई घाबरली. तिने खांद्यावर हात ठेवून विचारलं, तिचे ओठ मी वाचले, की बाद झालेला पोरगा तुमचा का? मी बोट दाखवून सांगितलं, ती शिट्टीवाली माझी.

बक्षीस समारंभाला थांबले नाही. पण आता सांग, तू त्यांना काय म्हणालीस?

आत्या

*

अंबरनाथ पश्चिम
१४ डिसेंबर २०२५

माझ्या लबाड आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं आणि मी मधल्या सुट्टीत वाचता वाचता रडले. सहावीच्या मुलींना वाटलं, बाईंकडे कुणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, आलं.

काय म्हणाले ते सांगते. जयदेव सर म्हणाले, हात लागला होता, निर्णय फिरवा, नाहीतर मी संघ काढून घेईन. मी म्हटलं, सर, काढा. नियमात आहे तेवढा वेळ मी थांबते, मग समोरच्या संघाला विजयी जाहीर करते. एवढंच. मग ठसा दाखवला. दुसऱ्या बाजूच्या पंचांना, कैलास सरांना, मी नियमाप्रमाणे विचारलं. ते जयदेव सरांचे जुने मित्र. जरा थांबले, पण म्हणाले, बाई बरोबर आहेत, पट्टीत पाय पडला तेव्हा कुणाला हात लागलेला नव्हता. खरं सांगू? कार्ड धरलं तेव्हा तुझंच वाक्य आठवलं. म्हणून हात खाली घ्यायची घाई केली नाही.

तू निघून गेलीस, म्हणून शेवट सांगते. बरोबरी झाली होती. शेवटच्या मिनिटात सनीच परत मैदानात आला, दोन गडी मारून आला आणि बदलापूरच जिंकलं, दोन गुणांनी! माझ्या निर्णयाने ते हरले असते तर वर्षभर बोलणं झालं असतं. आता कुणाला काही बोलायला जागाच नाही.

समारंभात जयदेव सरांनी माईक घेतला. म्हणाले, आज मला माझ्याच स्पर्धेत कार्ड मिळालं आणि ते मिळायला हवं होतं. मग खाली येऊन माझ्याशी बोलले. त्यांच्याकडे एकट्याकडे चौदाशे मुलं आहेत. संस्थेने सांगितलं होतं, या वर्षी चषक आला तरच दुसऱ्या क्रीडा शिक्षकाचं बघू. म्हणाले, महिनाभर झोप नाही बाई, तुमच्यावर काढलं. मी म्हटलं, सर, मला ऑगस्टमध्ये चक्कर आली होती. आता रिकाम्या जागांबद्दल मंडळाचं पत्र आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत. बक्षिसांच्या टेबलाची ड्युटी पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरणार आहे. कमळाकर सरांनी माझे रजेच्या बदलीचे तास बंद केले आणि नवं वेळापत्रक स्वतः सही करून दिलं. ग्रंथालयाची जागा त्यांनी विज्ञानाच्या सरांना विचारली म्हणे!

आता मुद्द्याचं. परवापासून माझा फोन वाजतो आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून अकरा शिक्षिकांना पुढची पंच परीक्षा द्यायची आहे. सभेत हसलेल्या त्या दोघीही त्यांत आहेत. त्यांना शिकवणारं कुणीतरी हवं आहे. रविवारी सकाळी आमच्या शाळेचं मैदान मिळेल. मी त्यांना सांगून टाकलं, की आपल्या भागातल्या पहिल्या बाई पंच शिकवतील. तुला न विचारता सांगितलं. आता माझ्यावर रागावायची पाळी तुझी.

होकाराची आणि तुझ्या मायेची वाट पाहणारी,
नूतन

*

वांगणी
१८ डिसेंबर २०२५

चि. नूतनस,
आशीर्वाद.

मला न विचारता माझं नाव दिलंस, हे फार वाईट केलंस. असंच करत जा.

काल बदलापूरच्या बाजारात जाऊन कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, आजी, सकाळी फिरायला जायला का? मी सांगितलं, शिकवायला जायचंय. त्याने किंमत कमी केली नाही, पण नाड्या स्वतः ओवून दिल्या. नियमांचं नवं पुस्तक जनूच्या मुलीकडून मागवलं आहे. बरेच नियम बदललेत. तीन दिवसांत पाठ करते. कानाचं यंत्र डब्यातून काढलं आहे. अकराजणींचे प्रश्न मला ऐकू यायला हवेत.

सगळ्यांना सांग. रविवारी सकाळी बरोबर सात वाजता मी मैदानात असेन. पाण्याची बाटली आणायची, केस बांधून यायचं. उशिरा येणारीला दोन फेऱ्या, मग ती सरपंच नूतन गायकर का असेना.

तुझी,
अंजनीबाई, पंच